आधी रक्त, मग आयव्हीआयजी: नसांच्या आजारात अँटीबॉडी कधी, कुठली आणि कशी तपासायची

हातापायातलं बळ जातंय. एनसीव्हीच्या (नसांतून संदेश किती वेगाने जातो ती तपासणी) रिपोर्टखाली ‘डिमायलिनेटिंग न्यूरोपॅथी’, म्हणजे नसांवरचं आवरण बिघडलंय, असं लिहून आलंय. डॉक्टरांनी चिठ्ठीवर जीएम-१, एनएफ-१५५, मॅग अशी अँटीबॉडी-तपासण्यांची नावं लिहून दिलीत आणि लॅबवाला म्हणतोय, हे इथं होत नाही, मुंबईला नाहीतर बंगळूरला जाईल, पैसे आधी भरा. मराठवाड्यात या टप्प्यावर येऊन थांबलेल्या नातेवाइकांसाठी हे लिहितोय. तालुक्याच्या गावी नुकताच दवाखाना टाकलेल्या तरुण डॉक्टरांनाही यातलं बरंच उपयोगी पडेल.

थोडी पार्श्वभूमी आधी. मज्जातंतूवर मायलिनचं आवरण असतं, मोटारीच्या केबलवर असतं तसं. मात्र केबलचं आवरण सलग असतं आणि मायलिन ठरावीक अंतरावर तुटलेलं असतं. या उघड्या सांध्यांना रॅनव्हियरच्या गाठी म्हणतात आणि संदेश एका गाठीवरून पुढच्या गाठीवर उडी मारत जातो. शरीराची प्रतिकारशक्ती चुकून आपल्याच मज्जातंतूवर उलटली की ती कधी आवरणावर हल्ला करते, कधी या गाठीवर. एनसीव्हीत दोन्हीकडे वेग मंदावलेलाच दिसतो, औषध मात्र वेगळं लागतं. अँटीबॉडीची तपासणी मुख्यतः हा फरक ओळखण्यासाठी करायची असते.

पहिली पायरी: दिवस मोजा

अशक्तपणा कोणत्या तारखेला सुरू झाला ते कागदावर लिहा. अंदाजे चालत नाही. पोळ्याच्या आधी की नंतर, पेरणीच्या वेळी चालता येत होतं का, असं विचारत गेलं की घरातली बाई नेमका दिवस सांगते.

चार आठवड्यांच्या आत आजार शिखराला पोचला तर तो बहुधा गिलाँ-बारे सिंड्रोम, म्हणजे जीबीएस. आठ आठवड्यांपुढेही वाढतच राहिला किंवा उलटून उलटून आला तर सीआयडीपीचा (प्रतिकारशक्तीने नसांच्या आवरणावर केलेल्या हल्ल्याचा दीर्घकाळ चालणारा आजार) विचार होतो. मधल्या काळात दोन्हीकडे नजर ठेवावी लागते. जीबीएस समजून उपचार केलेल्या रुग्णांपैकी सुमारे पाच टक्के पुढे सीआयडीपीचे निघतात.

जीबीएस असेल तर अँटीबॉडीचा विचार बाजूला ठेवा आणि आधी दवाखाना गाठा. रुग्णाला एका श्वासात एकपासून मोठ्याने आकडे मोजायला सांगा. पंधरा-वीसपर्यंत जाता येत नसेल, गिळताना ठसका लागत असेल किंवा उशीवरून मान उचलत नसेल, तर १०८ ला फोन करून जिथं व्हेंटिलेटर आहे तिथंच जा. साधारण चारातल्या एका जीबीएस रुग्णाला श्वासासाठी मशीन लागतं. आयव्हीआयजी (दात्यांच्या रक्तातून काढलेल्या अँटीबॉडी, शिरेतून देतात) सुरू करायला किंवा प्लाझ्मा (रक्तातला पातळ भाग) बदलायला कुठल्याही अँटीबॉडी रिपोर्टची गरज नसते. रिपोर्ट येईपर्यंत थांबू असं कुणी सुचवलं तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या.

आपल्या भागात दोन गोष्टी विसरू नयेत. रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या पहाटे पापण्या पडल्या, पोटात दुखलं आणि दुपारपर्यंत हातपाय गळाले, तर आधी मण्यारीचा दंश आठवा. दाताची खूण दिसतेच असं नाही, आणि ग्रामीण रुग्णालयात मिळणारी सर्पविषावरची लस तासांच्या हिशेबात द्यावी लागते. दुसरं म्हणजे, फवारणीचं औषध पोटात गेल्यावर माणूस वाचतो, घरी येतो आणि दोन-तीन आठवड्यांनी त्याचे पाय लुळे पडू लागतात. हा मज्जातंतूवरचा विषाचा उशिरा दिसणारा परिणाम असतो. त्याला अँटीबॉडी तपासून काही मिळत नाही.

पंधरा वर्षांखालच्या लेकराचे पाय अचानक गळाले तर सरकारी माणूस शौचाचे दोन नमुने घ्यायला येईल. घाबरू नका. पोलिओवरची ही देशभराची पाळत आहे. भारत २०१४ मध्ये पोलिओमुक्त जाहीर झाला तरी ती चालूच आहे.

दुसरी पायरी: स्वस्त तपासण्या आधी

बाहेरगावी पाठवायच्या महागड्या पॅनेलआधी साखर, बी-१२, थायरॉइड, एचआयव्ही आणि साधी लघवी तपासून घ्या. कातडीवर बधिर चट्टा आहे का, कोपराजवळची नस जाड लागते का, हे बोटांनी बघा. आपल्याकडे कुष्ठरोग संपलेला नाही, आणि त्याचं औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं. त्यासाठी अँटीबॉडीवर हजारो रुपये घालवून पस्तावलेले लोक पाहिलेत.

दोन तपासण्यांची शिफारस मी मुद्दाम करतो. एक, सिरम प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिस आणि इम्युनोफिक्सेशन, म्हणजे रक्तातली प्रथिनं वेगवेगळी करून बघणं. मराठवाड्यातल्या मोठ्या शहरातल्या लॅब हा नमुना घेतात. त्यात ‘एम बँड’ (एकाच प्रकारच्या अँटीबॉडीचा जमलेला पट्टा) निघाला तर पुढची सगळी दिशा बदलते. दुसरी म्हणजे लघवीतलं प्रोटीन. ही तपासणी अगदी स्वस्त आहे आणि तरी नसांच्या आजारात हमखास राहून जाते. तिचं महत्त्व पुढे येईल.

एनसीव्ही नीट झालेला हवा, म्हणजे दोन्ही हात आणि दोन्ही पाय. एका पायाचा एनसीव्ही काढून अँटीबॉडीची चिठ्ठी लिहिणं मला पटत नाही. पाठीतून काढलेल्या पाण्यात प्रोटीन किती आहे तो आकडाही जपून ठेवा.

तिसरी पायरी: प्रश्न ठरवा, मगच नाव लिहा

इथे सर्वात जास्त घोळ होतो. ‘डिमायलिनेशन पॅनेल’ असं काही एकच नसतं. एकच शब्द वाचून कुणी मॉग आणि ॲक्वापोरिन-४ या तपासण्या लिहून देतं. त्या मेंदू, मणक्यातला मज्जारज्जू आणि डोळ्याची नस यांच्या आजारासाठी आहेत. हातापायांच्या नसांच्या आजारात त्यांचा उपयोग नाही.

जीबीएसमध्ये अँटीबॉडी गँग्लिओसाइड नावाच्या स्निग्ध पदार्थांविरुद्ध असतात. जुलाब लावणाऱ्या कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी या जंतूचं कवच आपल्या नसांवरच्या जीएम-१ आणि जीडी-१ए सारखं दिसतं. शरीर जंतूविरुद्ध अँटीबॉडी बनवतं आणि ती नसांवर बसते. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात जीबीएसची साथ आली तेव्हा हाच जंतू सापडला होता. बातम्यांत ‘नांदेड’ आलं म्हणून तेव्हा आपल्याकडे फोनाफोनी झाली होती, पण ते पुण्याजवळचं नांदेड गाव. साथीचा माग काढायला या अँटीबॉडी कामाच्या आहेत. खाटेवरच्या रुग्णाचा उपचार मात्र त्यांनी बदलत नाही. अपवाद एकच. डोळे हलत नाहीत, तोल जातो आणि गुडघ्यावर हातोडी मारली तरी पाय उडत नाही अशी तिन्ही लक्षणं एकत्र आली, म्हणजे मिलर फिशर प्रकार वाटला, तर जीक्यू-१बी मागवा. अशा बहुतेक रुग्णांत ती पॉझिटिव्ह येते आणि निदान पक्कं होतं.

सीआयडीपीच्या रुग्णात प्रश्न वेगळा आहे: हा खरंच सीआयडीपी आहे की गाठीचा आजार? युरोपातल्या न्यूरोलॉजी आणि नसांच्या तज्ज्ञांच्या संस्थांनी २०२१ मध्ये नवीन मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि गाठीवर हल्ला करणाऱ्या अँटीबॉडीचे रुग्ण सीआयडीपीतून वेगळे काढून ‘ऑटोइम्यून नोडोपॅथी’ असं नाव दिलं. सीआयडीपी म्हणून ओळखल्या गेलेल्या रुग्णांत त्यांचा वाटा साधारण पाच ते दहा टक्के असतो. संख्या लहान आहे, पण रुग्ण गाठीचाच निघाला तर उपचार पूर्ण बदलतो.

यात चार नावं आहेत, अँटीबॉडी ज्या प्रथिनांवर बसते त्यांची. न्यूरोफॅसिन-१५५ (चिठ्ठीवरचं एनएफ-१५५) सर्वात जास्त वेळा सापडतं. रुग्ण बहुधा तरुण असतो. पंजे आणि पावलं जास्त कमजोर होतात, चालताना झोक जातो आणि हात असा थरथरतो की चहाचा कप तोंडापर्यंत नेताना अर्धा सांडतो. पाठीच्या पाण्यातलं प्रोटीन फारच वाढलेलं असतं. कॉन्टॅक्टिन-१ मध्ये आजार भराभर वाढतो, आणि काही रुग्णांत किडनीतून प्रोटीन गळतं, लघवीला फेस येतो, पायावर सूज येते. साधी लघवी तपासायला सांगितली होती ती याच्यासाठी. कॅस्पर-१ मध्ये वेदना फार असतात. आणि पॅन-न्यूरोफॅसिन सर्वात भयंकर. काही दिवसांत चारही हातपाय जातात, श्वासही जातो, आणि आयसीयूत पडलेल्या त्या रुग्णाला सगळे जीबीएसच समजत असतात.

अँटीबॉडीचे आयजीजी, आयजीएम असे प्रकार असतात; या अँटीबॉडी बहुधा आयजीजी-४ या उपप्रकारच्या असतात. इतर अँटीबॉडी आल्या की रक्तातली कॉम्प्लिमेंट नावाची प्रथिनं धावून येतात आणि पेशी फोडतात. आयजीजी-४ ते करत नाही. ती फक्त गाठीवरच्या दोन प्रथिनांच्या मध्ये शिरून त्यांची पकड सोडवते. त्यामुळे आयव्हीआयजीचा इथे सहसा फारसा गुण येत नाही. रिटक्सिमॅबचा (अँटीबॉडीच्या मुळाशी असलेल्या बी पेशी कमी करणारं औषध) मात्र अनेकदा चांगला येतो. म्हणून दोन-तीन वेळा आयव्हीआयजी देऊनही पाय उभा राहत नसेल, तर चौथ्यांदा द्यायच्या आधी हा नमुना पाठवायलाच हवा. ६० किलो वजनाच्या माणसाला २ ग्रॅम प्रति किलोच्या हिशेबाने एका कोर्सला १२० ग्रॅम, म्हणजे ५ ग्रॅमच्या २४ बाटल्या लागतात. त्यापुढे तपासणीचा खर्च काहीच नाही.

आता हाताचा आजार. एकाच हाताचं मनगट पडलं, वर्ष-दीड वर्षात दुसऱ्या हाताची बोटं गेली, पण गार-गरम, टोचणं सगळं कळतंय. कुष्ठरोगात बधिरपणा असतो, इथे तो नसतो. अशा माणसाला मोटर न्यूरॉन डिसीज (बरा न होणारा नसांच्या पेशींचा आजार) सांगून ‘आता सेवा करा’ म्हणत घरी पाठवल्याची उदाहरणं कमी नाहीत. त्यातला एखादा मल्टिफोकल मोटर न्यूरोपॅथीचा असू शकतो, आणि तो आयव्हीआयजीने सुधारतो. त्यासाठी आयजीएम प्रकारची जीएम-१ तपासतात. ती अंदाजे निम्म्याच रुग्णांत पॉझिटिव्ह येते, त्यामुळे निगेटिव्ह आली तरी एनसीव्हीत ‘कंडक्शन ब्लॉक’ (संदेश नसेत मध्येच अडणं) दिसत असेल तर उपचार करून बघावा. स्टेरॉइडने हा आजार बिघडू शकतो. अशक्तपणा आला की सरसकट स्टेरॉइडची गोळी सुरू करणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

साठी ओलांडलेले आजोबा, पायातून चप्पल निसटलेली कळत नाही, अंधारात तोल जातो, हात थरथरतो, पण ताकद बऱ्यापैकी आहे आणि हे सगळं वर्षानुवर्षं हळूहळू वाढतंय. पहिलं नाव डायबिटीसचं घेतलं जातं, बऱ्याचदा बरोबरही असतं. पण इम्युनोफिक्सेशनमध्ये आयजीएमचा बँड निघाला तर अँटी-मॅग (मायलिनमधल्या मॅग या प्रथिनाविरुद्धची अँटीबॉडी) मागवा. बँडच नसेल तर मॅगवर पैसे घालू नका. बँड लॅम्डा प्रकारचा असेल, पाय सुजलेत, कातडी काळवंडली, प्लेटलेट वाढल्यात, तर पोएम्स या आजारासाठी रक्तातलं व्हीईजीएफ हे प्रथिन तपासायला सांगतात. ती अँटीबॉडी नव्हे, पण तिच्याविना हा आजार सीआयडीपीच्या नावाखाली राहून जातो.

चौथी पायरी: रक्त कधी आणि कसं काढायचं

नमुना आयव्हीआयजी किंवा प्लाझ्मा बदलण्याच्या आधी काढा. आयव्हीआयजी हजारो दात्यांच्या रक्तातून बनते. तिच्यासोबत त्या सगळ्यांच्या अँटीबॉडी रुग्णाच्या अंगात येतात आणि आठवडेच्या आठवडे राहतात. आयजीजीचं अर्धआयुष्य साधारण तीन आठवड्यांचं आहे. आयव्हीआयजीनंतर काढलेल्या नमुन्याचा रिपोर्ट खोटा पॉझिटिव्ह येऊ शकतो. प्लाझ्मा बदलल्यावर उलटं होतं: खरी अँटीबॉडी निघून जाते आणि रिपोर्ट खोटा निगेटिव्ह येतो.

याचा अर्थ उपचार थांबवा असा नाही. सिरिंजभर रक्त काढायला पाच मिनिटं लागतात. ते काढा आणि लगेच आयव्हीआयजी लावा.

आज तपासणीचे पैसे नाहीत, किंवा ती लागेल की नाही तेच ठरलेलं नाही, अशा वेळी डॉक्टरांना एवढंच म्हणा: “साहेब, आयव्हीआयजीच्या आधी दोन मिली सिरम काढून गोठवून ठेवता येईल का?” मेडिकल कॉलेजच्या लॅबमध्ये आणि बऱ्याच खासगी लॅबमध्ये उणे २० अंशांचा फ्रीजर असतो. हे सिरम दोन-तीन छोट्या नळ्यांत वाटून ठेवायला सांगा, कारण पुन:पुन्हा वितळवून गोठवलं की अँटीबॉडी खराब होते. नळीवर रुग्णाचं नाव, तारीख आणि ‘आयव्हीआयजीपूर्व’ असं लिहा. दोन महिन्यांनी औषधाचा गुण आला नाही तर ही नळी सोन्याच्या भावाची ठरते. असं सिरम राखून ठेवायची पद्धत आपल्याकडे जवळजवळ नाहीच. ती यावी, एवढ्यासाठीच खरं तर मी हे लिहायला बसलो.

काढण्याची रीत सोपी आहे. लाल किंवा पिवळ्या झाकणाच्या नळीत पाच मिली रक्त. जांभळ्या झाकणाची नळी नको, त्यात सिरम मिळत नाही. अर्धा तास गोठू द्या, सेंट्रिफ्यूज करा, वरचं पिवळं पाणी दुसऱ्या नळीत काढा आणि पाठवा ते सिरमच. आख्खं रक्त बर्फात घातलं तर तांबड्या पेशी फुटतात आणि नमुना परत येतो. एप्रिल-मेमध्ये इथे पारा ४२ च्या आसपास असतो. तेव्हा थर्माकोलचा डबा, आइस पॅक आणि नीट कुरियर हवं. रात्रीच्या ट्रॅव्हल्सच्या डिकीत ड्रायव्हरच्या हाती नमुना देण्याची प्रथा बंद करा. सोमवार ते बुधवार पाठवा, म्हणजे रविवारी तो कुठल्या गोदामात पडून राहणार नाही.

सोबतचा फॉर्म रिकामा सोडू नका. आजार कधी सुरू झाला, कंप आहे का, तोल जातो का, एनसीव्हीत काय निघालं, पाण्यातलं प्रोटीन किती, आयव्हीआयजी दिली असेल तर कोणत्या तारखेला आणि किती, हे सगळं लिहा. तिकडचा तपासणारा डॉक्टर रुग्णाला बघत नाही, हा कागदच बघतो.

पाचवी पायरी: कुठे आणि किती

छत्रपती संभाजीनगरची घाटी, अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ, नांदेडचं विष्णुपुरीतलं आणि लातूरचं, या सरकारी मेडिकल कॉलेजांत जीबीएसचे रुग्ण दाखल होतात. लातूर-उदगीरचे लोक सोलापूर किंवा हैदराबाद गाठतात, बीडचे पुण्याला जातात. पण अँटीबॉडीसाठी रुग्णाला हलवायची गरज नाही, नमुना जातो. गँग्लिओसाइड पॅनेल देशातल्या मोठ्या लॅब करतात. गाठीच्या अँटीबॉडी करणाऱ्या जागा थोड्या आहेत, त्यात बंगळूरच्या निम्हान्स या मेंदू-मज्जासंस्थेच्या सरकारी संस्थेचं नाव पहिलं. रिपोर्टला आठवडा ते पंधरा दिवस धरा.

महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे आणि जीबीएसचा उपचार त्यात बसतो. रेशन कार्ड आणि आधार घेऊन दाखल होण्याच्या दिवशीच दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या माणसाला भेटा. बाहेर पाठवायची तपासणी पॅकेजमध्ये धरणार का, हेही तेव्हाच विचारून घ्या. नंतर बिल दाखवून काही हाती लागत नाही.

सहावी पायरी: रिपोर्ट वाचताना

“निगेटिव्ह आला म्हणजे आजार नाही ना?” हा प्रश्न हमखास येतो. आजार असतो. सीआयडीपीच्या बहुसंख्य रुग्णांत आज माहीत असलेली कुठलीच अँटीबॉडी सापडत नाही, आणि स्टेरॉइड किंवा आयव्हीआयजीने त्यातले बरेच सुधारतात.

पॉझिटिव्ह रिपोर्टकडे मात्र संशयाने बघायला शिका. गँग्लिओसाइडचं पॅनेल बहुधा पट्टीवरच्या रेघांनी करतात. बऱ्याच रेघांपैकी एखादी पुसट उमटू शकते. जीएम-१ ची क्षीण पातळी दुसऱ्या आजारांत आणि निरोगी माणसांतही सापडते. रेघ ठळक आहे का, आयजीजी आहे की आयजीएम, आणि रुग्णाच्या लक्षणांशी जुळते का, या तिन्हीची उत्तरं एकत्र बघा. लक्षणांशी न जुळणारी पुसट रेघ कागदावरच राहू द्या.

गाठीच्या अँटीबॉडीसाठी ‘सेल बेस्ड अॅसे’ पद्धतीवर भरवसा ठेवावा. प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींवर ते प्रथिन त्याच्या खऱ्या आकारात असतं आणि त्यावर सिरम बसतं का ते पाहतात. एलायझा या रंगावरून मोजायच्या पद्धतीने पॉझिटिव्ह आली तर दुसऱ्या पद्धतीने खात्री करून घ्या. आयजीजी-४ आहे का हेही विचारा. मॅगचा आकडा बीटीयू या एककात येतो. १००० च्या थोडा वर असेल तर सावध राहा, ७००० च्या वर असेल तर अर्थ बराच पक्का.

सातवी पायरी: रिटक्सिमॅब ठरलं तर

हे औषध बी पेशी कमी करतं आणि त्यामुळे झोपलेली कावीळ-बी जागी होऊ शकते. म्हणून आधी एचबीएसएजी (कावीळ-बीच्या विषाणूची खूण) आणि हिपॅटायटिस-बी कोअर अँटीबॉडी तपासतात. टीबीचाही शोध घेतात, लसी राहिल्या असतील तर त्या आधी उरकतात. कोअर अँटीबॉडी आयव्हीआयजीनंतर खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते, कारण दात्यांच्या रक्तातून ती आलेली असते. मग औषध पुढे ढकललं जातं किंवा विनाकारण कावीळविरोधी गोळ्या सुरू होतात. तेव्हा आयव्हीआयजीआधी जी सिरिंज लावाल, तिच्यातच हाही नमुना घ्या. औषधाचा परिणाम दिसायला काही महिने लागतात. न्यूरोफॅसिनची पातळी तपासत राहायची असेल तर प्रत्येक वेळी त्याच लॅबला, त्याच पद्धतीने तपासा. दोन वेगळ्या लॅबचे आकडे एकमेकांशी ताडून बघता येत नाहीत.